‘निवडणे’ या शब्दाविषयी थोडंसं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. मधले हशे आणि चहाची हाक वगळली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर पंधरा-वीस मिनिटं एआयवर बोल.” मी म्हटलं, त्यावर आता आमचे रिक्षावालेसुद्धा माझ्यापेक्षा आत्मविश्वासाने बोलतात. मला एका मराठी शब्दावर बोलू द्या. तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “चालेल, पण बाई पुढच्या रांगेत बसणार आहेत हं.” त्या बसल्या आहेत, आणि मी घाबरलेली आहे. बाई, चुकलं तर तिथूनच सांगा. लाल पेनाची सवय अजून गेलेली नाही.

शब्द आहे ‘निवडणे’. तो माझ्या मागे का लागला ते शेवटी सांगते, कारण त्याचा संबंध तुम्ही भरून दिलेल्या फॉर्मशी आहे. आधी शब्दाकडे जाऊ.

हा शब्द आज्ञार्थात आपण पहिल्यांदा वाचला तो प्रश्नपत्रिकेत. ‘कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.’ गुण पाच. कंसात तीन शब्द असायचे. एक उघड चुकीचा, एक बरोबर, आणि एक आपल्याला फसवायला मुद्दाम बरोबरच्या शेजारी बसवलेला. प्रश्न काढणाऱ्याची सगळी हुशारी त्या तिसऱ्यात असायची. आज कळतं, की ‘निवडणे’ या शब्दाचा खरा अर्थ त्या तिसऱ्यामुळेच जिवंत होता. दोन्ही पर्याय सारखे दिसत नसतील तर निवडायचं काय?

‘पर्याय’ हा शब्दही गमतीचा आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ फेरा, पाळी, क्रम असा. फिरून त्याच जागी नेणारा शब्द तो ‘पर्यायी शब्द’, म्हणजे समानार्थी. आपण मात्र वेगवेगळ्या जागी नेणाऱ्या वाटांना पर्याय म्हणतो. ‘विकल्प’ तर त्याहून. मराठीत ‘वैकल्पिक विषय’ असतो आणि ‘मनात विकल्प येणं’ही असतं. दुसरी वाट दिसली की शंका आलीच, असं भाषेनेच जणू ठरवून टाकलंय.

आणि आपला तो खास विद्यार्थीदशेतला शब्दप्रयोग आठवतोय ना? परीक्षेच्या आदल्या रात्री कोणीतरी म्हणायचं, “मी प्रमेयं ऑप्शनला टाकली.” म्हणजे वाचलीच नाहीत. इंग्रजीत ऑप्शन म्हणजे जे घेता येतं ते. आपल्या मराठीत ऑप्शन म्हणजे जे सोडलं ते! आपण एका अक्षराचंही भाषाशास्त्र न शिकता त्या शब्दाची पाठची बाजू बरोब्बर ओळखली होती, असं मला वाटतं. का ते आता स्वयंपाकघरात जाऊन बघू.

आपल्या प्रत्येकाच्या घरी आजी किंवा आई तांदूळ निवडायची. भात गिरणीतून भरडून आणलं, की आधी सुपात पाखडायचं. हलका कोंडा उडून जायचा. मग घोळायचं. कणी एकीकडे, अख्खा तांदूळ एकीकडे. ही दोन्ही कामं वजनावर आणि आकारावर चालतात. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर सूप हे उत्तम यंत्र आहे, फक्त त्याला मोटर नाही. पण एवढं करूनही परातीत काहीतरी उरायचंच. तांदळाएवढाच पांढरा खडा, सालासकट राहिलेला एखादा भाताचा दाणा. वजन जवळपास तेच, आकार तोच. तिथे सूप हात टेकायचं. मग परात उजेडाला घेऊन बसायचं आणि बोटाने, एकेक दाणा बाजूला सरकवत जायचं. यंत्राचं काम संपलं की जे उरतं त्याला ‘निवडणे’ म्हणतात. निवडणं-टिपणं. टिपायलाही चोच लागते, निदान बोटाचं टोक तरी.

आता यातली एक गंमत बघा. आपण म्हणतो, “तांदूळ निवडले.” पण बोटाने उचललं काय? खडे. तांदळाला तर हातही लागला नाही. उलट, पावसात टाकळ्याची कोवळी भाजी आणली की आपण म्हणतो, “भाजी निवडली.” तिथे बोट लागतं ते पानाला. पान खुडून घ्यायचं, देठ टाकायचं. म्हणजे एकदा हात वाइटाला लागतो, एकदा चांगल्याला. एकदा काढून टाकायचं असतं, एकदा काढून घ्यायचं. आणि क्रियापद एकच! कोणालाही कधी त्यात गोंधळ वाटला नाही.

यावरून मला जे दिसतं ते असं: निवडणे या शब्दाला मुळात आवडीशी काही देणंघेणं नाही. तो घेण्याचा शब्द नाही आणि टाकण्याचाही नाही. तो वेगळं करण्याचा शब्द आहे. म्हणून तर आपण ‘आवडनिवड’ असा जोडशब्द केला. दोन्ही एकच असतं तर दोन शब्द कशाला जोडले असते?

हे मी मनाचं सांगत नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे मोठे जैन आचार्य होऊन गेले. त्यांच्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृत भाषांचा आहे. त्यात त्यांनी एक छोटासा नियम दिला आहे. ‘असणे, होणे’ या अर्थाचा जो ‘भू’ धातू, त्याला ‘वेगळं होणे’ किंवा ‘स्पष्ट होणे’ असा अर्थ असेल तर प्राकृतात ‘णिव्वड’ असं रूप वापरतात. णिव्वड, निवड. आपलाच शब्द, आठशे वर्षांहून जुन्या पोशाखात. आणि अर्थ दोनच: वेगळं होणे आणि स्पष्ट होणे. पसंत पडण्याचा कुठे उल्लेख नाही. कोणी कोणाला निवडतंय असंही नाही. गोष्ट आपली आपण वेगळी होते, स्पष्ट होते. खडा दिसतो.

हाच शब्द शेजारी गुजरातीत ‘नीवडवुं’ म्हणून राहिला आहे, फक्त त्यांचा ‘नी’ दीर्घ आहे. मला हे आमच्या ऑफिसमधल्या एका गुजराती मैत्रिणीमुळे कळलं. ती तिच्या आईशी फोनवर बोलत होती. कोणाचा तरी धंदा ‘सफळ नीवड्यो’ असं काहीसं ती म्हणाली. मी म्हटलं, “कोणी निवडला?” ती म्हणाली, “कोणी नाही गं, तसा निघाला.” गुजरातीत नीवडवुं म्हणजे अमुक ठरणं, अमुक निघणं, शेवटी तसं सिद्ध होणं. म्हणजे सह्याद्रीच्या या बाजूला जो शब्द ‘मी केलं’ असं सांगतो, तोच थोडं वर गेलं की ‘तसं झालं’ असं सांगतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

‘निवाडा’ हा याच कुळातला. पेशवाईत वतनाच्या भांडणात जो लेखी निर्णय मिळायचा त्याला ‘निवाडपत्र’ म्हणत. तिथेही काम तेच: खरं काय, खोटं काय, वेगळं करून स्पष्ट करायचं. आणि संस्कृतातला भारदस्त ‘विवेक’? तो ‘विच्’ धातूपासून आला, आणि विच् म्हणजे धान्य आणि फोल वेगळं करणं, पाखडणं. म्हणजे ज्याला आपण विवेक म्हणून देव्हाऱ्यात बसवलं तोही मुळात सुपातलाच. आपल्या आज्या रोज सकाळी विवेक करत होत्या, फक्त त्यावर त्यांना कोणी कीर्तन लावून दिलं नाही.

हिंदीवाल्यांचा ‘चुनना’ मात्र निराळा. तो ‘चि’ या धातूचा. चि म्हणजे गोळा करणे, रचणे. मराठीत तो ‘चिणणे’ म्हणून राहिला. अनारकलीला भिंतीत चिणली, ते चिणणं. हिंदीत त्याला ‘चुनवा दिया’ असंच म्हणतात. म्हणून हिंदीत निवडणूक होते तेव्हा ‘चुनाव’ होतो. तिथे वेचून रचणं आहे, आपल्याकडे वेगळं काढणं आहे. भाषेभाषेचा स्वभाव असतो.

आता निवडणूक आलीच आहे तर दोन मिनिटं. घाबरू नका, कुठल्याही पक्षाचं नाव घेणार नाही, जेवण अजून व्हायचंय. ‘निवडणे’ला ‘णूक’ लावून ‘निवडणूक’ झाली. तिची सख्खी भावंडं कोण कोण आहेत ते मी एकदा लिहून काढलं. मिरवणूक, करमणूक, गुंतवणूक, अडवणूक, फसवणूक, पिळवणूक. सगळं कुटुंब दर पाच वर्षांनी एकत्र जमतं! आणि ‘उमेदवार’ हा फारसी शब्द, उमेद बाळगून असलेला. त्या बिचाऱ्याची उमेद तरी खरी असते.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. म्हणजे खरंखुरं हाताने वेगळं करणं, परातीसारखं. आता बटण आहे, आणि २०१३ पासून ‘यापैकी कोणीही नाही’ असंही बटण आहे. तो न्यायालयाने आपल्याला दिलेला कायदेशीर ऑप्शन. टाकण्याचा.

निकालाच्या दिवशी पेपरात येतं, ‘जनतेने कौल दिला.’ आपण कोकणातले लोक हे वाचून मनातल्या मनात हसत असणार. आपल्याकडे कौल देव देतो. ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे पाषाणाला चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पडली तर उजवा कौल. शब्द अरबी, ‘कौल’ म्हणजे बोललेला शब्द, वचन. शेतकऱ्याला सरकारकडून अभयाचा कौल मिळायचा तोही हाच. मग तो देवळात गेला आणि तिथून पेपरात. म्हणजे पेपरवाल्यांनी मतदाराला एकदम गाभाऱ्यात नेऊन बसवलं. मला हे आवडतं. फरक एवढाच, की देवळात आपण कौल लावतो तेव्हा निवड आपल्या हातून काढून दुसऱ्यावर सोपवत असतो. लग्न करायचं की नाही, घर विकायचं की नाही, मुंबईला जायचं की नाही. कितीतरी घरांतल्या निवडी पाकळ्यांनी केल्या आहेत, आणि त्यांतल्या काही चांगल्या नीवडल्याही आहेत, गुजराती अर्थाने.

लग्नाचा विषय निघालाय तर ‘वर’. वृ म्हणजे निवडणे, आणि जो निवडला जातो तो वर. म्हणजे शब्द असं धरून चालतो, की निवडणारी मुलगी आहे. आणि आपल्या वेळी प्रत्यक्षात काय होतं? ‘मुलगी पसंत आहे’ असं पत्र कुठून यायचं? वराकडून. शब्द संस्कृतातून आला, पसंत फारसीतून आली, आणि दोघांच्या मध्ये पोह्यांची बशी घेऊन मुलगी उभी.

‘स्वयंवर’ म्हणताना आपल्याला सीता आठवते. पण नीट बघा, धनुष्याची अट जनकाने घातली होती. अट पुरी करणाऱ्याच्या गळ्यात माळ घालायची, एवढंच सीतेकडे होतं. रामच आला हे भाग्य. खरं निवडणं दमयंतीने केलं. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे, तिथे ही गोष्ट येते. दमयंतीचं मन नळावर जडलेलं. स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यमही आले, आणि चौघांनी नळाचंच रूप घेतलं. ती माळ घेऊन आली तर समोर पाच नळ! सारखी उंची, सारखा चेहरा, सारखे दागिने. अगदी प्रश्नपत्रिकेतल्या कंसासारखं.

इथे पाखडून काही होणार नव्हतं. ती हात जोडून देवांना विनवते, की मी मनाने नळाला वरलंय, तुमची खूण मला दिसू द्या. आणि देव आपापली चिन्हं प्रकट करतात. मग तिला दिसतं, की चौघांना घाम आलेला नाही. त्यांच्या पापण्या लवत नाहीत. गळ्यातली फुलं कोमेजलेली नाहीत. पाय जमिनीला टेकत नाहीत. सावली पडत नाही. पाचव्याच्या अंगावर घाम आहे, धूळ आहे, फुलं मलूल झालीत, पाय मातीत आहेत, पापणी लवतेय, सावली पडलीय. ती त्याच्या गळ्यात माळ घालते.

मला ही गोष्ट लहानपणी साधी प्रेमकथा वाटायची. आता वाचताना दिसतं, की तिने त्याला ओळखलं ते त्याच्या उणिवांवरून. देवांमध्ये काहीच खोट नव्हती, आणि त्यावरूनच ते देव ठरले. घामेजलेला निघाला तो आपला. हेमचंद्राचे दोन्ही अर्थ इथे एकाच क्षणी येतात, तो वेगळा झाला आणि स्पष्ट झाला. पुढे त्याच नळाने जुगारात राज्य घालवलं आणि तिला रानात झोपलेली सोडून गेला, हेही महाभारतानेच सांगितलंय. म्हणजे निवड अचूक होती, पण पुढे काय नीवडेल ते तिच्या हाती नव्हतं.

माझ्या धंद्यातलं थोडं सांगते, नाहीतर संयोजक म्हणतील सॉफ्टवेअर कुठे गेलं. माहिती साठवण्याच्या ज्या भाषेवर जगातल्या बहुतेक बँका, रेल्वे, शाळा चालतात तिचं नाव एसक्यूएल. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी ती मांडली. तिचं पहिलं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं क्रियापद आहे ‘सिलेक्ट’. निवडा. हे निवडा, ‘फ्रॉम’ या तक्त्यातून, ‘व्हेअर’ ही अट पुरी होते तिथे. सिलेक्ट हा लॅटिनमधून आलेला शब्द, आणि त्याचाही मूळ अर्थ वेगळं वेचून काढणे. आजीच्या परातीपासून फार लांब नाही.

या भाषेत वीस-बावीस वर्षं काम केल्यावर दोन गोष्टी अंगात भिनतात. एक, सिलेक्ट केल्याने काही नाहीसं होत नाही. निवडलेल्या ओळी समोर येतात, न निवडलेल्या तिथेच, तक्त्यात, शांतपणे बसून राहतात. डिलीट ही वेगळी आज्ञा आहे. आणि दुसरी, निवडण्याचं खरं काम ‘सिलेक्ट’ करतच नाही, ते ‘व्हेअर’ करतं. अट जो लिहितो त्याने निवड केलेली असते. बाकी आपण फक्त एंटर दाबतो. जनकाने व्हेअर लिहिलं, सीतेने एंटर दाबलं. नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना हेच सांगते. उत्तर विचित्र आलं तर सिलेक्टकडे बघत बसू नका, अट कोणी लिहिली ते शोधा.

आता फॉर्म.

या स्मरणिकेसाठी तुम्ही सगळ्यांनी माहिती भरून पाठवलीत. ती एकत्र करायचं काम समितीने मला दिलं, कारण मला एक्सेल येतं. फॉर्मवर रकाने होते: नाव, सध्याचं गाव, व्यवसाय, आणि ‘हे क्षेत्र का निवडले?’ हा शेवटचा रकाना मी वरून खाली वाचत गेले. मुलांनी, म्हणजे आता ज्यांची मुलं कॉलेजात आहेत अशा मुलांनी, लिहिलंय: आवड होती. वडिलांचा धंदा. सरांची प्रेरणा. एकाने ‘दुसरं काही जमत नव्हतं’ असं लिहिलंय, त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. आणि आमच्या मुलींच्या रकान्यांत? एक आडवी रेघ. दुसऱ्या ठिकाणी ‘लागू नाही’. पुन्हा रेघ. बऱ्याच जणींचा नुसता कोरा.

माहिती साठवणाऱ्यांच्या भाषेत कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. त्याला ‘नल’ म्हणतात. दमयंतीचा नव्हे, साधा नल. त्याचा अर्थ ‘इथे काय आहे ते ठाऊक नाही’. शून्य आणि नल यांत गल्लत केली की हिशेब चुकतात. म्हणून मी त्यांतल्या काहींना फोन केले.

आमच्यातली एक, नाव घेऊ नको म्हणालीय पण तुम्ही ओळखालच, गणितात माझ्या पुढे असायची. सर, तुम्ही तिची वही वर्गात फिरवायचात. दहावीच्या निकालानंतर मी अकरावीला गेले, ती गेली नाही. भाऊ बाहेरगावी होस्टेलला होता, घरातून एकाचाच खर्च निघत होता, आणि कॉलेजला रोज दोन एसटी बदलून जावं लागायचं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, ती आपल्या कोणाच्या उपयोगाला आली नाही. घरात भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. अट आधीच लिहिलेली होती. मुलगी आहे आणि कॉलेज लांब आहे. अशा ओळी त्या यादीत आपोआपच आल्या नाहीत.

मी तिला विचारलं, तू रकान्यात रेघ का मारलीस? ती म्हणाली, “माका कोणी इचारल्यान? मगे हय काय लिवू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाही फार विचारलं होतं अशातला भाग नाही. बारावीच्या गुणांवर मला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. बघा, ‘मिळालं’ म्हणतो आपण. “मला मेकॅनिकल मिळालं, त्याला सिव्हिल मिळालं.” शेवटच्या वर्षी कॉलेजात सॉफ्टवेअर कंपनी आली, मला घेतलं, मी गेले. आता वीस वर्षांनी मुलाखतीत कोणी विचारलं तर मी सांगू शकते की मी हे क्षेत्र निवडलं, आणि ऐकणारा मान डोलावतो. तसंच घडलेलं तिने सांगितलं तर लोक म्हणतात, परिस्थिती. माझ्या बाबतीत जे घडलं त्याला निवड म्हणायचं आणि तिच्या बाबतीत परिस्थिती, हा फरक भाषेने केलेला नाही. आपण केलेला आहे. भाषेत दोन्ही अर्थ एकाच शब्दात होते. गुजरातीने एक ठेवला, आपण दुसरा.

मग मी तिला विचारलं, तू दिवसभर करतेस काय? तर तिने अर्धा तास सांगितलं. ती काजूच्या कारखान्यात आहे, आधी टेबलावर होती, आता ग्रेडिंगच्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली आहेत. सोललेला काजूगर टेबलावर ओततात. अख्खे वेगळे, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. मग अख्ख्यांत रंग बघायचा. पांढरा, किंचित करपलेला, डागाचा. मग आकार. डब्ल्यू १८० म्हणजे एका पौंडात १७० ते १८० गर बसतात, तो सगळ्यात मोठा. त्याखाली डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४०. डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२०. हाताखालून जाणारा गर २४० चा की ३२० चा हे तिला न मोजता कळतं. मी विचारलं, कसं? म्हणाली, “बोटाक कळता.” मशीन आलंय, रंग बघणारं, कॅमेऱ्याचं. ते काढून देतं त्यानंतर जे उरतं ते बायकांच्या टेबलावर येतं.

मी हसले. तिने विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, तुझ्या फॉर्मचा शेवटचा रकाना आठवला.

तर समितीला माझी एक विनंती आहे, आणि ती मी इथे सगळ्यांसमोर करतेय म्हणजे नाही म्हणता येणार नाही. ‘हे क्षेत्र का निवडले?’ हा मथळा काढून टाकू या. त्या जागी ‘दहावीनंतर काय झालं?’ एवढंच लिहू. मथळा बदलायला एक मिनिट लागेल, मी एक्सेलमध्ये आधीच बदलून ठेवलाय. तिला मी नवा मथळा फोनवर वाचून दाखवला, तर तिने न थांबता तेरा ओळी सांगितल्या. जागा चारच ओळींची आहे, पण मी त्या तशाच ठेवल्यात. त्यांतलं एकही वाक्य निवडून काढलेलं नाही.

ज्यांनी रेघ मारली आहे किंवा ‘लागू नाही’ लिहिलंय त्यांचे फॉर्म मी परत आणले आहेत. दाराजवळच्या टेबलावर आहेत, अकारविल्हे लावून, माहेरच्या आडनावाने, कारण हजेरीपटात आपण तशाच होतो. पेनंही आहेत. छापखान्याला मजकूर गुरुवारी द्यायचा आहे, त्यामुळे जेवण झाल्यावर लगेच. आणि सर, तुमच्या त्या गणितवाल्या विद्यार्थिनीने तुमच्यासाठी एक पुडा दिलाय, डब्ल्यू १८०. चहाच्या वेळी माझ्याकडून आठवणीने मागून घ्या.